करपलेल्या कॉफीची तक्रार

१

थोरलीने कॉफीला नावं ठेवली नाहीत, ही मोठ्याबाईंची तक्रार होती.

सकाळी दूध लागलं होतं. चांगलं करपलं होतं. खालून काळं, वरून शहाजोग पांढरं. टाकून द्यायला हात धजेना, म्हणून मोठ्याबाईंनी त्याचीच कॉफी केली आणि लेकीपुढे ठेवली. आता ही कडाडणार, म्हणून उत्तरही जिभेवर तयार ठेवलं. पण लेकीने कप रिकामा केला, ओठ टिपले आणि म्हणाली, "छान झालीय गं, आई."

छान! जी पोरगी बोलायला लागल्यापासून घरच्या अन्नाला नावं ठेवत आली, जिने लहानपणी शेजारणीकडे घोटभर पाणी पिऊन "काकू, तुमची टाकी कधी धुतली होती?" असं भर पाहुण्यांत विचारलं, आणि टाकीत खरोखरच मेलेली पाल निघाली, ती छान म्हणाली! त्याच नाकाच्या जोरावर पोरगी कुठल्या कुठे गेली. सुट्टीत बापाच्या कारखान्यात बाटल्या धुणारी ही मुलगी पुढे चवखोलीत बसली, मग दूरच्या एका बलाढ्य कंपनीत रस आणि कॉफ्या चाखत चाखत वरच्या मजल्यापर्यंत चढली. बाप गेला, कारखाना गाळात रुतला, तेव्हा तिथलं सगळं सोडून परत आली. तेव्हापासून ती इथली साहेब.

"साहेब झाली की माणसं अशी गुळमुळीत होतात," मोठ्याबाई खिडकीपाशी बसून स्वतःशीच पुटपुटल्या. तयार ठेवलेलं उत्तर फुकट गेलं, याचं दुःख वेगळंच.

दिवसा येऊन बसायची त्यांची खोली कारखान्याच्या डोक्यावर होती. नवऱ्याने हौसेने बांधलेली. खाली पट्ट्यावरून संत्र्याच्या रसाच्या बाटल्या एकामागून एक सरकत जायच्या, दुपारचं ऊन त्यांच्यातून वर यायचं आणि छतावर केशरी कवडसे पोहत राहायचे. काचेवर काच लागून जी किणकिण व्हायची, तिच्यावर मोठ्याबाईंना अशी काही डुलकी लागायची की आपण जागे आहोत की रसाच्या तळाशी बसलो आहोत, ते कळू नये.

झोपलेल्या माणसाला आवाजाने जाग येते. मोठ्याबाईंना शांततेने आली. किणकिण थांबली होती, आणि छतावरचे कवडसे जिथल्या तिथे गोठले होते.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दिरांचा मुलगा दारात उभा राहिला. माल खपवायचं काम त्याच्याकडे. एरवी मांजरीच्या पावलाने येणारा माणूस.

"काकू, घात झाला! पाहुण्यांच्या बाटल्या कुणीतरी नासवल्या."

मोठ्याबाईंनी चष्मा चढवला. आज पाहुणे येणार हे त्यांना ठाऊक होतं. गावोगाव दुकानं असलेले बडे खरेदीदार. थोरलीने बापाचं पहिलं पेय, संत्र्याच्या रसात त्याच्याच फुलांचा अर्क घातलेलं, कित्येक वर्षांनी पुन्हा बनवलं होतं. पाहुण्यांनी ते उचललं तर कारखाना तरेल; नाहीतर कारखान्यात पैसे घातलेली मालक मंडळी आज संध्याकाळी तिची खुर्ची काढून घेणार, हे उघड ठरलेलं होतं.

"पहिल्या पाहुण्याने घोट घेतला तो सरळ रुमालात थुंकला. मग दुसरा. चव पारखणाऱ्या मास्तरांच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"आणि थोरली?"

पुतण्याने आवाज खाली आणला. "तेच तर सांगायला आलो, काकू. तिनेही प्यायलं होतं. सगळे तोंडं वाकडी करत होते, आणि ताई पेला हातात धरून हसत उभी होती."

२

"त्यातली एक बाटली आण," मोठ्याबाई म्हणाल्या.

"काकू, तुम्ही कशाला? घशाखाली उतरत नाही ते."

"माझ्या घशाखाली काय काय उतरलंय ते तुला माहीत नाही. आण."

बाटली आली. जुन्या घाटाची, गळ्यापाशी निमुळती, डोक्यावर निळं पत्र्याचं बूच. बुचावर संत्र्याचं फूल. मोठ्याबाईंनी ते निळं बूच अंगठ्याने कुरवाळलं. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीची ही बुचं. उरलेली एवढी वर्षं त्यांच्याच घरी पडून होती; मध्यंतरी थोरली येऊन मागून घेऊन गेली. बाबांचं पेय, तर बूचही बाबांचंच हवं म्हणाली. तेव्हा मोठ्याबाईंनी डोळ्याला पदर लावला होता, अर्थात तिची पाठ वळल्यावर.

पुतण्याने बूच उडवलं. त्यांनी पेला तोंडाला लावला.

आधी संत्रं आलं. मग फूल आलं. आणि मग दार न उघडता नवरा खोलीत आला.

अंगावर तोच जाड लोकरी कोट, ज्याच्या कोपराला त्यांनी स्वतः ठिगळ लावलं होतं. तो येऊन आपल्या जुन्या खुर्चीत बसला, पाय लांब केले, आणि काहीतरी विसरल्यासारखा त्यांच्याकडे बघत राहिला. मोठ्याबाईंनी पेला खाली ठेवला. इतक्या वर्षांत स्वप्नातसुद्धा वेळेवर न येणारा माणूस, आज भर दुपारी, पुतण्याच्या देखत!

"काकू? काय झालं? थुंका ते!"

मोठ्याबाईंनी तो घोट गिळला. थुंकणं त्यांच्याने झालं नाही.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "बस खाली. आणि खोटं बोलायचं असेल तर आधीच सांग, म्हणजे मी तोवर जरा पडते."

३

पुतण्या बसला, पण काकांच्या खुर्चीत नाही. ती खुर्ची मोठ्याबाईंनी हाताने अडवली होती.

"थोरलीची खुर्ची गेली तर कुणाला मिळणार?"

"मलाच," पुतण्या म्हणाला, आणि लाजला. "लपवून काय करू? पण काकू, पाहुणे मीच आणलेत. महिनोन्‌महिने त्यांच्या दारात उभं राहून. माझीच लाज गेली ना खाली!"

मोठ्याबाईंना हे पटलं. पुतण्या लोभी होता, पण आपला माल कुणी थुंकलेला त्याला बघवला नसता. तो माल विकायला जातो तेव्हा स्वतःच्या पेल्यावरची माशीसुद्धा गोड बोलून हाकलतो.

"टाकीतलं कसं आहे?"

"उत्तम! म्हणून तर म्हणतोय. ज्या टाकीतून या बाटल्या भरल्या, ती टाकी मी स्वतः चाखली. फुलासारखी आहे. म्हणजे नासवलं ते बाटल्यांत. बाटल्या भरल्यापासून थंड खोलीत आडव्या पडून होत्या, आणि त्या खोलीची किल्ली एकट्या चवमास्तरांकडे. मालक मंडळींना मी सांगितलंय तसं. मास्तर संध्याकाळपर्यंत घरी जातील."

"मास्तरांवर आळ घेऊन मोकळा झालास?"

"मग कुणावर घेऊ? ताई परत आली नसती, तर मास्तरच साहेब होणार होते. मनात राहतंच ना माणसाच्या."

"बाटल्या मधे कुणी उघडून बघितल्या नाहीत?"

"काकू, काकांचाच नियम ना तो! पाहुण्यांसाठी बंद केलेली बाटली पाहुण्यांपुढेच उघडायची."

"आणि बुचं कुणी मारली?"

"ताईने. स्वतः हातयंत्रावर बसून, एकेक. म्हणजे तिकडून तर प्रश्नच नाही. तिच्या नाकाखालून वाईट वस्तू जाईल कशी?"

खुर्चीतल्या कोटवाल्याने मान वर केली. मोठ्याबाईंनी ते पाहिलं.

"मास्तरांना वर पाठव," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

४

चवमास्तर आले ते दारातच उभे राहिले. आयुष्यभर अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, जेवणात लसूण नाही. कामाच्या पायी माणूस इतका बिनवासाचा झालेला की तो आल्याचं आणि गेल्याचं कळत नसे.

"मास्तर, बाटल्या तुम्ही नासवल्यात का?"

"बाई, मी काहीच म्हणत नाही."

"नाही म्हणायला काय जातं?"

"नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग कोण?" मास्तर छताकडे बघत म्हणाले. "बुचं मारली त्या दिवशी मी बागांवर होतो, संत्री बघायला. परत आलो तेव्हा बाटल्या थंड खोलीत गेल्या होत्या. किल्ली माझ्याकडे होती. माझं नाव लागतंय तर लागू द्या."

मोठ्याबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस घाबरलेला नव्हता. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा तो उभा होता. आवाज करायचा नाही, पांघरूण सरकू द्यायचं नाही.

त्यांनी विषय बदलला. "चवखोलीत अजून ते चालतं का हो? खडे ठेवायचं?"

नवऱ्याच्या काळापासूनची ती रीत होती. सगळ्यांनी गुपचूप चाखायचं, वाटीखाली आपापला खडा ठेवायचा, पसंत असेल तर पांढरा, नसेल तर काळा, आणि वाट्या एकदम उचलायच्या. म्हणजे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघून मत देत नाही.

"नाही, बाई. खडे बंद झाले. आता तोंडाने बोलायचं. सगळ्यांत लहान आधी, मग मी, आणि साहेब शेवटी."

"हे कुणी काढलं?"

"साहेबांनीच. थंडीत त्यांना तो मोठा ताप येऊन गेला ना, त्यानंतर. पोरंपोरी खूश आहेत. म्हणतात, साहेब किती मोठ्या मनाच्या, आमचं आधी ऐकून घेतात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

मास्तरांनी पहिल्यांदाच नजर खाली आणली.

"मी नेहमी जरा सविस्तर बोलतो, बाई. फूल कमी पडलं, साल जास्त झाली, सगळं नीट फोड करून सांगतो. त्यांच्या आधी. तेवढंच माझं काम." ते दाराकडे वळले आणि थांबले. "आज मात्र पाहुणे आधी बोलले. नुसते तोंडाने नाही... मला मधे पडायला वेळच मिळाला नाही."

मास्तर गेले. कुठल्याही वासाशिवाय. पण मोठ्याबाईंना वाटलं, खोलीतून खूप मोठं काहीतरी उचलून नेल्यासारखी जागा मोकळी झाली.

५

जावई मात्र वासासकट आला. त्याला दाढीनंतरचं ते निळं पाणी फासायची खोड. पूर्वी थोरली त्याला तसं घराबाहेर उभं करायची.

"जावईबापू, हे पाणी लावून तुम्हाला घरात घेतात वाटतं आता?"

"हो ना, आई!" जावई मनापासून हसला. "हल्ली काही म्हणतच नाही. माझ्या स्वयंपाकालाही नाही. परवा मी माशांवर चुकून दुप्पट लसूण टाकला, शेजारचे खिडक्या लावून बसले. ही म्हणाली, छान. लग्नानंतर पहिल्यांदाच सुख लागलंय बघा."

"सुख तुम्हाला लागलंय. तिचं काय?"

जावयाचं हसू ओसरलं. "ती... बागेत जाऊन बसते, आई. संत्र्याची फुलं मुठीत घेऊन. मी हाक मारली की टाकून देते. मला वाटलं, दमलीय. मी म्हटलंही, सोड ही नोकरी, किती दिवस ओढणार? तर रडली."

मोठ्याबाईंनी समोर पाहिलं. खुर्चीत कोट होता; कोटातला माणूस आता नीट दिसत नव्हता.

"बुचांचा खोका माझ्या घरून तुम्ही नेलात ना?"

"मीच. गाडीत मागे ठेवला होता. अहो, काय दर्प येत होता त्याला! सारख्या शिंका. मी काच खाली केली, तर ही म्हणते, वर घे, गार वारा लागतो. मी म्हटलं, वासाने जीव चाललाय. तर म्हणाली, कसला वास?" जावयाने खांदे उडवले. "मी गप्प बसलो. वासाच्या बाबतीत मी तिच्याशी काय वाद घालणार? ती एवढी मोठी तज्ज्ञ, आणि मी निळं पाणी लावणारा माणूस."

मोठ्याबाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांआड त्यांचं घर उभं राहिलं, आतल्या खोलीतलं कपाट उभं राहिलं, कपाटात तो कोट, कोटाच्या खाली पुठ्ठ्याचा खोका, आणि दरवर्षी न चुकता कोटाच्या खिशात नव्याने सोडलेल्या, पांढऱ्या शुभ्र, डांबराच्या गोळ्या.

"जावईबापू," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "खाली जा. टाकीतल्या पेयाच्या नव्या बाटल्या भरायला सांगा, साध्या नव्या बुचांच्या. त्यातली एक मला पाठवा. पाहुण्यांना म्हणावं, म्हातारीला भेटल्याशिवाय गेलात तर अपमान होईल. आणि बायकोला वर धाडा. एकटीला."

६

थोरली आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि छतावरचे कवडसे भिंतीवर आले होते. कपडे नीटनेटके, केस बांधलेले, चेहरा साहेबाचा. फक्त हात लहान मुलीसारखे मागे धरलेले.

मेजावर दोन पेले होते. दोन्हींत सारखंच केशरी पेय.

"एक आजच्या निळ्या बुचाचं आहे, एक टाकीतलं ताजं," मोठ्याबाई म्हणाल्या. "वाईट कुठलं ते सांग."

थोरलीने पहिला पेला उचलला. घोट घेतला. मग दुसरा. मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

पण तिथे चेहरा नव्हता. मोठ्याबाईंनी खुर्ची वळवून पाठ केली होती. खिडकीच्या काचेतही त्या दिसू नयेत म्हणून पडदा ओढला होता.

खाली किणकिण पुन्हा सुरू झाली होती. एक बाटली गेली, दुसरी गेली.

"गोडी बरोबर आहे," थोरली म्हणाली. "आंबटही."

"दोन्हींची?"

"हो."

"मी गोडी विचारली नाही."

पुन्हा बाटल्याच गेल्या. मग मागून आवाज आला, साहेबाचा नाही, फार जुना, झोपेतून उठलेला.

"आई, तू आधी सांग ना."

मोठ्याबाईंनी पाठ फिरवलेलीच ठेवली, कारण त्यांचेही डोळे आता दाखवण्यासारखे राहिले नव्हते.

"सांगते. तुझ्या बापाचा कोट. डाव्या पेल्यात तो कोट आहे. बुचं माझ्या कपाटात कोटाखाली होती, डांबरगोळ्यांच्या शेजारी. बुचाच्या आतली कॉर्कची चकती तो वास वर्षानुवर्षं पीत बसली. बाटल्या आडव्या ठेवल्या, पेय जाऊन त्या चकतीला टेकलं, आणि कोट बाटलीत उतरला. कुणी नासवलं नाही की कुणी किल्ली वापरली नाही. सगळ्यांनी तुला ती बुचं मारताना पाहिलं आणि सगळ्यांनी तुला सोडून दिलं, कारण तुझ्या नाकाखालून असं बूच जाणारच नाही. बरोबर आहे. जातच नाही. नाक असतं तर."

थोरली खाली बसली. नेमकी बापाच्या खुर्चीत. मोठ्याबाईंनी अडवलं नाही.

"तापानंतर गेलं," ती म्हणाली. "एका सकाळी उठले तर जगावर काच बसवल्यासारखं. सगळं दिसतं, हाताला काही लागत नाही. डॉक्टर म्हणतात येईल, किंवा नाही येणार. आई, मी बागेत फूल नाकाला लावते आणि आठवायचा प्रयत्न करते. आठवतं ते फुलाचं नाव. आज सगळे थुंकले तेव्हा मला कळलंच नाही काय झालंय. म्हणून हसत राहिले. दुसरं काय करू?" तिने डावा पेला पुन्हा उचलून नाकाशी धरला. "बाबांचा कोट... खरंच आहे यात?"

"आहे. कोपराच्या ठिगळासकट."

"आणि मला नाही येत."

मोठ्याबाईंनी पदराने डोळे टिपले. त्यांनी खुर्ची वळवली. आता त्या खुर्चीत एकटी लेक होती, कोट नाही, कोटातला माणूस नाही.

"मास्तरांना ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आजचं नाही, पहिल्यापासून. तू ऐकावंस म्हणून ते चवीची फोड करून करून बोलत होते. आज तुझ्यासाठी तोंड मिटून घरी जायला निघालेत."

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "मास्तर? मला कुणी सांगितलं नाही! मला वाटलं, जायचं ते मला जायचंय."

"कोण सांगणार? तू हल्ली सगळ्यांचं ऐकतेस, तुला कुणी काही सांगत नाही."

लेक उठली. डोळे पुसले, केस सारखे केले, मग ते पुन्हा विस्कटले तरी चालतील अशा चेहऱ्याने आईसमोर उभी राहिली.

"मग? माझा निकाल काय?"

मोठ्याबाईंनी पदर खोचला, काठीवर हात ठेवला आणि लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऐक. नाक गेलं, त्यात तुझा दोष नाही. बुचं मारलीस, त्यातही नाही. त्या गोळ्या माझ्या. पण माझ्या करपलेल्या कॉफीला तू छान म्हणालीस, तिथे तू दोषी. सहा महिने एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या मोठ्या कारखान्यात, तुला खरं सांगायला एक माणूस सापडू नये? मी काय मेले होते? हे पेय तू नाक असताना बांधलंस, ते पक्कं आहे, ताज्या बाटलीत मी चाखलंय. माणसं तू जोडलीस, बुडता कारखाना तू वर काढलास, ते काय नुसत्या नाकाने काढलास? चाखायला मास्तर आहेत. त्यांना तुझ्या शेजारी खुर्ची दे, आडून नको, सगळ्यांना दिसेल अशी. खडे परत सुरू कर. मालक मंडळी ठेवतील की काढतील, ते त्यांचं त्यांच्यापाशी. आता खाली जा. पाहुणे थांबलेत, मास्तर थांबलेत. आणि आज, साहेब, सगळ्यांच्या आधी तू बोल."